मिठाच्या मॅडम

माझ्या भाचीला घरात सगळे ठमी म्हणतात. जन्मली तेव्हापासूनच ती गोल होती, आणि बसायला लागल्यावर तर गादीवर कुणी उशी ठेवून गेल्यासारखी दिसायची. तिचा बाप, म्हणजे माझा दादा, लिफ्ट दुरुस्त करतो. वहिनी चष्म्यांच्या दुकानात काचा घासते. त्यांच्या घराच्या खालीच माझं शिवणकामाचं दुकान आहे, त्यामुळे ते दोघं कामावर गेले की ठमी माझ्या मशीनशेजारी चिंध्यांच्या ढिगात बसलेली. गिऱ्हाइकं कपडे टाकायला यायची आणि मापं द्यायचं विसरून तिच्याशीच बोलत बसायची.

एका दुपारी ती अचानक किंचाळली. गुडघे पोटाशी घेतले, चेहरा लालबुंद. मी उचलून घेतलं तर थोड्या वेळानं गप्प झाली, पण ते गप्प होणं मला आवडलं नाही. पांढरीफटक पडली होती. परत किंचाळली, परत गप्प. मला वाटलं, चिंधी गिळली की काय. वहिनीला फोन केला. ती धावत आली आणि तिनं लंगोट उघडला, तर त्यात रक्त होतं, लाल जेलीसारखं. आमच्या दोघींच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानाला कुलूप लावायचंही माझ्या ध्यानात राहिलं नाही.

मोठ्या हॉस्पिटलात सर्जननी पोट चाचपलं, फोटो काढायला लावला आणि सांगितलं, "आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरलाय. बाही उलटी करताना आतल्या आत अडकते ना, तसं." मी शिवणकाम करते हे त्यांना माहीत नव्हतं, पण मला लगेच कळलं. आधी हवेचा दाब देऊन सोडवून बघितलं, सुटेना. मग ऑपरेशन. अडकलेला थोडा भाग काळा पडला होता, तो कापून दोन्ही टोकं जोडावी लागली. बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, "टाके चांगले बसलेत. आता तिला सांभाळायचं काम बाकी आहे." आम्हाला वाटलं, सांभाळायचं म्हणजे काय, तर झोपू द्यायचं. आमचा जीव भांड्यात पडला होता.

ठमी ऑपरेशननंतरच्या मुलांच्या वॉर्डात आली. नाकात नळी, त्यातून पोटातलं हिरवं पाणी एका पिशवीत यायचं. हाताला फळी बांधून सलाईन. तोंडानं काहीच द्यायचं नाही. वहिनीचं दूध काढून बाटल्यांत घालून सिस्टर फ्रिजमध्ये ठेवायच्या.

संध्याकाळी एक बुटक्याशा डॉक्टर बाई आल्या. मानेपर्यंत कापलेले पिकलेले केस, पायात रबरी तळव्याचे बूट, चाल अशी की मागून येणाऱ्यांना पळावं लागे. त्यांनी ठमीचं पोट बघितलं, टाके बघितले, नाकातली नळी बघितली, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. त्या दिवशी ऑपरेशनं ओळीनं होती, प्रत्येक खाटेशी कुणीतरी त्यांना हाक मारत होतं.

"ह्या आमच्या मिठाच्या मॅडम," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मोठ्या डॉक्टर आहेत, हा वॉर्ड त्यांच्याच ताब्यात. पण मूल कुठलंही असो, ऑपरेशन कसलंही असो, त्यांचा पहिला प्रश्न एकच. रक्तातलं मीठ किती? आम्ही पाठीमागे हसतो. त्यांनाही ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी ठमी रडायची थांबली. झोपून राहायची, मधूनच डोळे उघडून कुठेतरी बघायची. वहिनी म्हणाली, दुखणं कमी झालं असेल. लघवी मात्र अगदी थोडी होत होती. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि सलाईनचा वेग थोडा वाढवला. आम्हाला ते पटलं. लघवी नाही म्हणजे अंगात पाणी कमी, हे तर कुणीही सांगेल.

त्याच्या पुढच्या सकाळी मी वहिनीला घरी अंघोळीला पाठवलं होतं आणि ती परत येऊन नुकती खुर्चीत टेकली होती. मिठाच्या मॅडम राउंडवर आल्या. मला काहीतरी चांगलं सांगावंसं वाटलं.

"मॅडम, उपाशीपोटीसुद्धा आमच्या बाळानं कसं अंग धरलंय बघा. मनगटावरची ही नावाची पट्टी आणली तेव्हा सैल होती, माझं बोट आत जायचं. आज चांगली घट्ट बसलीय."

मॅडम पुढच्या खाटेकडे वळल्या होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या. परत आल्या. पट्टीखाली करंगळी घालायला गेल्या, जाईना. मग ठमीच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि सोडला. तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. मग टाळूवर तीन बोटं अलगद ठेवली. ठमीनं डोळे उघडले नाहीत.

"वजनकाटा आणा इकडे," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट खाली आला.

त्यांनी स्वतः ठमीला उचलून काट्यावर ठेवलं, नळ्यांचा भार येऊ नये म्हणून त्या एका हातात धरून. आकडा बघितला, ऑपरेशनच्या दिवशीचा बघितला.

"ताई," त्या मला म्हणाल्या, "हे तुम्ही मला सांगितलंत, फार चांगलं केलंत. पण एवढ्यात इतकं वजन कुठल्याच बाळाचं वाढत नाही. हे अंग नाही. पाणी आहे."

मग त्यांनी वर टांगलेली सलाईनची पिशवी हातात धरून फिरवली आणि तिच्यावरची छापील अक्षरं वाचली. मी त्यांच्याकडेच बघत होते म्हणून सांगते, त्यांचा चेहरा पडला. क्षणभरच. लगेच त्यांनी सलाईनचा पंप बंद केला.

"सिस्टर, रक्त घ्या, मीठ आणि साखर. लॅबला मी फोन करते, नमुना कुणीतरी हातात घेऊन पळा. आणि तीव्र मिठाचं द्रावण काढून ठेवा. तिच्या वजनाप्रमाणे, मी मोजून बघणार आहे."

रक्त गेलं. रिपोर्ट यायच्या आधीच ठमीचे डोळे एका बाजूला ओढले गेले. ओठ चुटुचुटु हलायला लागले, आणि डावा हात झटके द्यायला लागला. वहिनीनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. मला आधी कळलंच नाही हे काय चाललंय. ती दूध मागतेय असंच वाटलं.

मॅडमनी तिला कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ ओढून घेतली, नाकाशी ऑक्सिजन धरायला सांगितला, टाचेतून थेंबभर रक्त काढून साखर बघितली. साखर ठीक होती. तोवर लॅबचा फोन आला. त्यांनी फोन कानाशी धरून फक्त "हं" म्हटलं आणि ठेवला. नंतर आम्हाला कळलं, मीठ पार एकशे एकोणीसवर उतरलं होतं. एकशे पस्तीसच्या वर असायला हवं.

मिठाची सिरिंज त्यांनी स्वतः हातात घेतली. सिस्टर घाईघाईनं पुढे झाल्या, त्यांना म्हणाल्या, "घाई काय करायची ती मी करते. तुम्ही नका करू. तुम्ही फक्त घड्याळ बघून मला सांगत राहा." आणि वहिनीला म्हणाल्या, "आईनं बाहेर जायचं नाही. पाय धरा तिचे. तुमचा हात ओळखते ती."

वहिनीनं ते इवलेसे सुजलेले पाय ओंजळीत धरले. मॅडम सिरिंजचा दट्ट्या अगदी हळू दाबत होत्या, नजर ठमीच्या चेहऱ्यावर. वॉर्डात पलीकडे कुणाचं तरी मूल खेळण्याचा खुळखुळा वाजवत होतं. हाताचे झटके विरळ झाले, मग बारीक झाले, मग बोटांतच उरले. मग थांबले. डोळे सरळ झाले. थोड्या वेळानं ठमी रडली, कुजबुजल्यासारखं, पण रडली. वहिनी खाली जमिनीवरच बसली.

दादा आला तेव्हा त्याच्या हातांना ग्रीस होतं. माझा फोन येताच शिडीवरून उतरून थेट निघाला होता. त्याला अर्धवट कळलं होतं, आणि अर्धवट कळलं की दादा भडकतो.

"लघवी होत नाही म्हणजे पाणी कमी पडतंय ना?" तो मॅडमना म्हणाला. "आणि तुम्ही पाणीच बंद करून बसलात?"

मॅडमनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही, म्हणून त्याही उभ्या राहिल्या.

"उन्हात तापलेल्या माणसाची लघवी पाण्यावाचून कमी होते, ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण ऑपरेशननंतर शरीर घाबरलेलं असतं. दुखत असतं. ते आपणहून हुकूम सोडतं, पाणी धरून ठेवा, बाहेर जाऊ देऊ नका. म्हणून लघवी कमी झाली. त्यात वरून आपण जे दिलं त्यात मीठ फार थोडं होतं. शिवाय नाकातल्या नळीतून जे हिरवं पाणी जातंय, त्याच्याबरोबर मीठही जातंय. म्हणजे पाणी साठत गेलं आणि मीठ पातळ होत गेलं. पातळ रक्तातलं पाणी मेंदूत शिरतं, मेंदू सुजतो. म्हणून झटका आला."

"मग भराभर मीठ द्या की."

"झटका थांबेपर्यंत भराभर दिलं. आता सावकाश. घाईनं वर नेलं तर मेंदूला तेही सोसत नाही. आजचा दिवस आणि उद्याचा दिवस, थोडं थोडं."

दादा हात पुसायला फडकं शोधायला लागला, ते त्याच्या खांद्यावरच होतं.

मग ते सावकाश सुरू झालं. नवी पिशवी लागली, रक्ताइतकंच मीठ असलेली, थोडी साखर घातलेली, आणि पंपाचा वेग निम्म्यावर आणलेला. नळीतून जेवढं हिरवं पाणी यायचं तेवढं मोजून त्याच्या बदल्यात मिठाचं पाणी वेगळं द्यायचे. प्रत्येक लंगोट काट्यावर जायचा. ठरल्या वेळी टाचेतून रक्त. मॅडमची राउंड केव्हाच संपली होती, पण दुसऱ्या मुलांना बघून त्या फिरून ठमीकडेच यायच्या. खाटेच्या लोखंडी दांडीला टेकून उभ्याउभ्या बिस्किटं खाल्ली, तेच त्यांचं जेवण. एकदा मी म्हटलं, जरा बसा. म्हणाल्या, "बसले की मला झोप लागते. माझी खोड आहे."

माझ्या दुकानात मी बारीक काम करणारी माणसं पाहिली आहेत. काजं करताना श्वास धरणारी, दोऱ्याचा रंग उजेडात नेऊन बघणारी. पण एखाद्या जिवाकडे अशा नजरेनं बघणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या ठमीच्या पापण्या बघायच्या, ओठ बघायच्या, रडण्याचा आवाज ऐकायच्या, आणि मगच कागदावरचा आकडा बघायच्या. आकडा आणि बाळ जुळलं नाही तर रक्त परत घ्यायला लावायच्या.

सगळ्यात कठीण वहिनीचं होतं. ठमी जशी जागी व्हायला लागली तशी तिला भूक लागली. वहिनी जवळ वाकली की वासानंच ती तोंड वळवायची, ओठ काढायची, आणि काही मिळालं नाही की ओरडायची. वहिनीचा ब्लाउज भिजायचा. शेवटी तिचा धीर सुटला.

"मी तिला दोन थेंब देते," ती मला म्हणाली. "दोन थेंबांनी काय होतंय. पडदा ओढ."

मी पडदा ओढायला उठलेसुद्धा असते. पण मॅडम तिथे होत्या, त्यांनी ऐकलं. रागावल्या नाहीत. ओल्या कापसाची काडी आणली, वहिनीच्या हातात दिली आणि तिच्या शेजारी, पहिल्यांदाच, स्टुलावर बसल्या.

"ओठांवरून फिरवा. मी पण थांबते तुमच्याबरोबर."

"तिला वाटत असेल, आई देत नाही."

"वाटत असेल," मॅडम म्हणाल्या. "आता ओरडतेय ना, ते मला फार बरं वाटतंय. सकाळी तिच्यात ओरडायची ताकद नव्हती. आतड्याचा जोड जरा धरू दे, मग पहिलं दूध तुमचंच. फ्रिजमधलं एकही वाया जाणार नाही."

वहिनी काडी फिरवत राहिली आणि रडत राहिली. मॅडम खरंच थांबल्या. आणि खरंच त्यांना बसल्याबसल्या डुलकी लागली. वहिनीनं डोळे पुसले आणि मला खूण केली, हळू बोल.

संध्याकाळ व्हायच्या आत ठमीनं लंगोट भिजवला. नुसता ओला नाही, जड. वहिनीनं तो उचलला आणि वजनानंच तिच्या लक्षात आलं. दादानं मुलगी झाल्यापासून लंगोटाला हात लावला नव्हता, तो स्वतः तो लंगोट दोन्ही हातांवर घेऊन काट्याकडे गेला, एखादं महागाचं यंत्र नेतोय असा. आकडा मोठ्यानं वाचला. सिस्टर हसल्या. मीठ वर सरकत होतं, सूज उतरत होती. दुसऱ्या दिवशी गाल ओसरले आणि आमची खरी ठमी खालून दिसायला लागली. दादा म्हणाला, "एवढं मोजूनमापून दिलंय, आता खाल्ल्या मिठाला जागायला लागेल हिला." त्या वॉर्डात तो पहिल्यांदा हसला.

त्याच दुपारी मॅडमनी आम्हा तिघांना त्यांच्या खोलीत बोलावलं. सर्जन होते, सलाईनचा वेग वाढवणारे डॉक्टरही होते, भिंतीला लागून. मॅडमनी मीठमिरची न लावता सांगितलं.

"तुमच्या मुलीला जे सलाईन लागलं होतं ते ऑपरेशननंतरच्या मुलांना द्यायचं नसतं. त्यात मीठ कमी असतं. ते आमच्या कपाटात दुसऱ्या पिशव्यांशेजारी होतं, आणि तेच लावलं गेलं. नंतर लघवी कमी झाली म्हणून तेच वाढवलं गेलं. पण पहिल्या संध्याकाळी मी तिला बघितलं होतं. पोट बघितलं, टाके बघितले, नळी बघितली. पिशवी बघितली नाही. दुसऱ्या दिवशी मी ऑपरेशन थिएटरमधून बाहेरच आले नाही. सगळ्यांना विचारते तो प्रश्न मी तुमच्या मुलीसाठी विचारला नाही. वॉर्ड माझा आहे. झालं ते माझ्यामुळे झालं."

भिंतीजवळचे डॉक्टर पुढे होऊन म्हणाले, "वेग मी वाढवला होता." मॅडमनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं, "हो" म्हटलं, आणि परत दादाकडे वळल्या.

दादाचा चेहरा मला लहानपणापासून पाठ आहे. तो आता टेबल उलटणार असं मला वाटलं.

"तिच्या डोक्यावर परिणाम होईल का पुढे?" त्यानं विचारलं.

"मला वाटतं, होणार नाही. झटका थोडक्यात थांबला. पण आज मी शब्द देऊ शकत नाही. मी तिला बघत राहीन, ती चालेबोलेपर्यंत आणि त्यानंतरही."

"आमच्या धंद्यात असं काही झालं," दादा म्हणाला, "की साहेब लोक आधी कुणाचं नाव पुढे करायचं ते ठरवतात. तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं."

"हो. म्हणून तर सांगायला हवं होतं."

दादा उठला. दाराशी जाऊन थांबला. "आणि पुढच्या पोराचं काय?"

मॅडम त्याला घेऊन कपाटाशी गेल्या, आम्हीही मागून. एक अख्खा कप्पा रिकामा होता. त्या पिशव्या वॉर्डातून हलवून दुसऱ्या मजल्यावर कुलपात ठेवल्या होत्या. काढायच्या तर मॅडमना किंवा त्यांच्या जोडीच्या डॉक्टरांना विचारून. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी सकाळच्या वजनासाठी जागा केली होती. "हे काल झालं," त्या म्हणाल्या. दादानं रिकाम्या कप्प्यावर हात फिरवला. यंत्र बंद केल्यावर खरंच बंद झालंय का ते तो असंच हात लावून बघतो. पण तो मॅडमशी लगेच नीट बोलायला लागला असं नाही. घरी जाईपर्यंत तो त्यांना फक्त मान हलवायचा. माणसाला राग गिळायला वेळ लागतो, आणि त्याचा राग खोटा नव्हता.

सर्जननी पोटाला कान लावून आतड्यांचा आवाज ऐकला, नाकातली नळी निघाली, आणि वहिनीच्या दुधाचे पहिले काही चमचे ठमीनं असे घेतले की चमचाच गिळते की काय. सुटी मिळाली तेव्हा ती येताना होती त्याहून बारीक होती. मला तिची जुनी झबली कडेनं आत घ्यावी लागली.

बघत राहीन म्हटलेलं मॅडमनी पाळलं. आम्ही दर काही आठवड्यांनी जायचो. त्या रांगेत बसलेल्या सगळ्यांसमोर जमिनीवर बसून ठमीला किल्ल्या दाखवायच्या, आवाज द्यायच्या, दोन्ही हातांनी सारखं पकडते का बघायच्या. ती रांगली, उभी राहिली, "दे" म्हणायला शिकली, आणि मग घरात दुसरा शब्द ऐकू येईना. दादाची मान हलवणी एका भेटीत "कशा आहात मॅडम" वर आली. पुढच्या एका भेटीत ओपीडीची लिफ्ट झटके घेत होती, ती तो कुणी न सांगता खोलून बसला.

मागच्या वेळी गेलो तेव्हा ठमी मॅडमच्या टेबलाखालून त्यांच्या बुटाची नाडी सोडवत होती. मॅडमनी तपासून झाल्यावर वहिनीला विचारलं, "तुम्हाला थोडा वेळ आहे का? वर एक आई आहे. कालच बाळाचं ऑपरेशन झालंय, दूध द्यायचं नाही अजून. मी सांगते ते तिला पटत नाही. मीही सांगून सांगून दमले."

वहिनीनं ठमीला माझ्या कडेवर दिलं आणि त्यांच्या मागोमाग गेली. मीही वर जाऊन वॉर्डाच्या दारातून बघितलं. एक लहानशी मुलगी वाटावी अशी आई खाटेकडे पाठ करून बसली होती. वहिनी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसली. मग तिनं कापसाची काडी ओली केली आणि तिच्या हातात दिली.